पाण्याचे विसरण

शास्त्राच्या मराठी पुस्तकात 'डिफ्युजन'साठी 'विसरण' असा शब्द आहे. अत्तराची कुपी उघडली की गंध खोलीभर जातो, पाण्यात शाईचा थेंब सोडला की तो कुणी न ढवळताच पांगतो, त्या पांगण्याचे हे नाव. शाळेत असताना मला हा शब्द फार आवडायचा, कारण त्यात पसरणेही ऐकू यायचे आणि विसरणेही. पुढे मी कवितेचा अभ्यास केला, मराठी शिकवू लागले आणि हा शब्द मागे पडला. तो पुन्हा भेटला २००९ साली, पुण्यातल्या एका इस्पितळाच्या तळमजल्यावर. या खेपेला मात्र तो माझ्यापुरता राहिला नाही. शाईच्या थेंबासारखा माझ्या हातून निसटला आणि पाहता पाहता सगळ्या नांदे गावात पांगला.

नांद्यात आम्ही आलो ते यांच्या नोकरीमुळे. हे हिंजवडीच्या एका कंपनीत होते. आम्ही दोघेही मराठवाड्यातले, कोरड्या हवेत वाढलेले. मुळशीची ओली माती, पावसाळाभर भिंतींना येणारा तो हिरवट वास, याची सवय व्हायला मला बराच काळ लागला. एका शेतकरी कुटुंबाच्या नव्या घरात आम्ही वरचा मजला भाड्याने घेतला होता. सकाळी खिडकी उघडली की खालून इंद्रायणी भाताची गोडसर वाफ वर येई आणि समोरून, जिथे आदल्या वर्षापर्यंत खाचरे होती तिथून, ओल्या सिमेंटचा गार वास. हे दोन वास माझ्या खिडकीत रोज भेटत.

घरमालकीणबाईंना मी मावशी म्हणत असे. मी गावच्या शाळेत शिकवत असे, म्हणून त्या मला 'मास्तरीणबाई' म्हणत आणि वर अगंतुगं करत. आवाज असा की बांधावरून हाक मारली तर पलीकडच्या शिवारातली गुरे मान वर करीत. प्रेमानेही त्या भांडल्यासारखेच बोलत.

पाळी सोडून मधेच अंगावर रक्त जाऊ लागले तेव्हा मी महिनाभर दुर्लक्ष केले. मग डॉक्टरांकडे जाणे झाले, तपासणी झाली, एक अगदी लहान तुकडा काढून प्रयोगशाळेत गेला आणि उत्तर आले. गर्भाशयमुखाचा कर्करोग. त्या आठवड्यात हे कंपनीच्या कामासाठी परदेशात होते. मी त्यांना फोनवर सांगितले. तिकिटाची खटपट लगेच सुरू झाली, पण पुढची मोठी तपासणी ते पोहोचण्याआधीच होती.

मी जिना उतरून खाली गेले. मावशी सुपात तांदूळ पाखडत होत्या. मी जपून, पुस्तकी मराठीत सांगितले. त्यांचे सूप थांबले.

"कशाचं मुख म्हनलीस?"

"गर्भाशयाचं."

"म्हंजी पिशवीचं त्वांड की. मग तसं म्हन. एवढा मोठा शब्द कशाला घिऊन आलीस, जड न्हाई का झाला?"

मला हसू आले आणि त्या हसण्यातच रडू आले. मावशींनी सूप बाजूला ठेवले, तांदळाची पांढरी भुकटी लागलेला हात माझ्या पाठीवर फिरवला आणि म्हणाल्या, "कवा जायचंय? मी येती. एकटी जायाची न्हाईस तू."

तपासणीतून काय कळायचे होते ते आम्हा दोघींना नीट ठाऊक होते. रोग होता, त्यात शंका उरली नव्हती. प्रश्न असा होता की गाठ अजून पिशवीच्या तोंडापुरतीच आहे की बाहेर गेली आहे, आणि तिचा स्वभाव सौम्य आहे की उग्र. आत असेल तर शस्त्रक्रियेने सगळीच्या सगळी निघणार होती. बाहेर गेली असेल तर कापून उपयोग नव्हता. मग किरणे, औषधे आणि कुणीही ठामपणे काही सांगणार नाही असे पुढचे दिवस. काढलेला तुकडा इतका छोटा होता की त्यावरून गाठीची प्रत, म्हणजे डॉक्टरांच्या भाषेत ग्रेड, खात्रीने सांगता येत नव्हती.

आम्ही सहा आसनी रिक्षाने निघालो. महाळुंग्यापाशी रस्त्याच्या दोन्ही अंगांना नव्या इमारतींचे सांगाडे उभे होते. मावशी प्रत्येकाकडे बोट दाखवून ती जमीन कुणाची होती ते सांगत होत्या. मला बोलते ठेवायचा तो त्यांचा उपाय असावा.

एमआरआयच्या विभागातल्या डॉक्टर मॅडम माझ्याच वयाच्या, कपाळावर चष्मा ढकललेल्या, बोलताना हात हलवणाऱ्या होत्या. मावशींना पाहून त्या म्हणाल्या, "आजी, तुम्ही बाहेर बसा हं."

"आजी कुनाची?" मावशी म्हणाल्या. "अजून सगळे दात शाबूत हायेत माजे. आन् मी हितंच बसनार. हिला सगळी मोठीमोठी भाषा कळती, साधं काय कळत न्हाई."

मॅडम हसल्या आणि त्यांना खुर्ची दिली. मग माझे जुने कागद पाहिले. पूर्वी एका सीटी स्कॅनच्या वेळी शिरेतून औषध दिले होते, तेव्हा माझ्या अंगावर गांधी उठल्या होत्या आणि घसा दाटून आला होता. गाठीला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या पाहायला एमआरआयमध्येही असेच एक औषध शिरेतून देतात. "हे औषध वेगळं असतं," मॅडम म्हणाल्या, "पण उगाच जोखीम नको. आपण दुसऱ्या रीतीनं बघू. डिफ्युजननं. शरीरातलं पाणी सतत हलत असतं. ते किती मोकळेपणानं हलतंय ते यंत्र मोजतं. जिथे पेशी दाटीवाटीनं वाढल्या असतात तिथे पाण्याला हलायला जागा नसते. गाठ उग्र असेल तर सहसा दाटी जास्त. मराठीत त्याला काय म्हणावं बरं..."

"विसरण," मी म्हणाले. इतक्या वर्षांनी तो शब्द जिभेवर आपोआप आला. "पाण्याचं विसरण."

"पानी इसरतं?" मावशींनी कान टवकारले. "काय इसरतं?"

मी समजावू लागले, पण त्या थांबल्या नाहीत. "थांब. रोपं दाट लावली की पानी खाचरात अडतं, म्होरं जायाची वाट इसरतं. इरळ लावली की सुरळीत जातं. हिच्या पिशवीच्या त्वांडात पानी वाट इसरलंय का, ते तुमी बघनार. व्हय का न्हाई?"

मॅडमनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आणला. "जवळपास तसंच. पण आणखी एक आहे. खाचरातलं पाणी हळूहळू मुरतं, पाटातलं धावतं. रक्तवाहिन्या म्हणजे पाट. यंत्राचं माप बदलत नेलं की आधी धावणारं पाणी कळतं, मग मुरणारं. ही गाठ वाढायला लागली की स्वतःसाठी नवे पाट काढते. ते किती काढलेत, तेही बघायचंय."

"दुसऱ्याचा बांध फोडून पानी वळवनारी?" मावशी म्हणाल्या. "असली लई हायेत आमच्या भावकीत. बघा तुमी. सोडू नका."

तंत्रज्ञ बाईंनी मला कपडे बदलायला नेले. अंगावर धातूचे काही ठेवायचे नव्हते. जोडवी निघाली, कानातले निघाले. मंगळसूत्र काढले तेव्हा मावशींनी ते हातात घेतले, बाकीच्या जिनसांबरोबर पदराच्या टोकात ठेवून घट्ट गाठ मारली आणि कमरेला खोवली. मग कनवटीतून दुसरेच काही काढले. हळदीत बुडवलेला सुताचा दोरा आणि त्यात बांधलेले हळकुंड. मंगळसूत्र उतरवावे लागले तर सवाष्णीने गळा मोकळा ठेवायचा नाही म्हणून बांधतात ते. घरून निघण्यापूर्वीच त्यांनी ते करून आणले होते.

"मावशी, हे कशाला?" मी म्हणाले. गळा मोकळा असण्याची भीती मला कधीच वाटली नव्हती.

"तुला नसंल वाटत. मला वाटतंय. मान खाली कर."

तंत्रज्ञ बाई गोंधळल्या. "आत काही नेता येणार नाही."

"सूत हाय आन् हळद हाय," मावशी म्हणाल्या. "लोखंड न्हाई. तुमच्या मशिनीला हळदीचं वावडं हाय का?"

बाई मॅडमना विचारून आल्या. परवानगी मिळाली.

त्या यंत्राच्या नळीत शिरताना मी डोळे मिटले. पोटावर एक कवचासारखे जड साधन पट्ट्यांनी बांधलेले होते. आतडी हलू नयेत म्हणून दिलेल्या सुईने तोंड कोरडे पडले होते. कानांत बोळे, पाठीखाली गार फळी. हलायचे नाही, असे पुन्हा पुन्हा बजावले होते. माझ्यातल्या पाण्याचे इवलेसे भटकणे दिसावे म्हणून मला दगड व्हायचे होते. पहिले ठोके सुरू झाले तेव्हा माझ्या मनाने सवयीने गण मोजायला घेतले. लघु, गुरू, गुरू. लघु, गुरू, गुरू. भुजंगप्रयात अगदी बिनचूक बसत होता आणि मी त्या तालाला धरून बराच वेळ तरले.

मग आवाज बदलला. फळीसकट सगळे अंग थरथरू लागले. एक कर्कश, सलग घरघर, जिच्यात कुठले वृत्त बसेना. मोजायला काही उरले नाही तेव्हा भीती आली. ती पायांकडून वर सरकत आली, आणि छातीशी पोहोचते न पोहोचते तोच मला हळदीचा वास आला.

नळीतल्या कोंदट हवेत माझ्या श्वासाच्या उबेने ते हळकुंड गरम झाले असावे. कच्चा, मातकट, किंचित कडवट वास. त्यात मावशींचे स्वयंपाकघर होते, ओला पदर होता, तांदूळ पाखडायचे सूप होते. बाहेर यंत्र पाण्याचा माग काढत होते आणि आत तो वास माझ्या गळ्याशी पसरत होता, कुणी न ढवळता. तेही विसरणच. घरघर थांबेपर्यंत मी त्याच्या आधाराने निश्चल पडून राहिले. हलले नाही. चित्रे स्वच्छ आली, असे नंतर मॅडम म्हणाल्या. त्याचे श्रेय माझ्या धीराचे नाही, एवढे मला ठाऊक आहे.

निकाल यायला काही दिवस लागणार होते. दुसऱ्या दिवशी मी दळण आणायला गिरणीत गेले, तर रांगेतली एक बाई माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि ठणठणीत आवाजात म्हणाली, "बाई, मला वळखलं का? मी खालच्या आळीची. माजी पोरगी तुमच्या वर्गात हाय."

"ओळखलं की," मी म्हणाले.

तिने शेजारणीकडे पाहिले. "वळखलं. आज बरं हाय."

रस्त्याने येताना आणखी एकीने थांबवले. "सांगा बघू, मी कोन?" घरी आले तर दारात एक म्हातारी बदामांची पुडी घेऊन बसलेली. "रोज भिजवून खा, बाय. डोस्क्याला चांगलं असतं." शाळेत एका मुलीच्या आईने माझा हात हातात घेतला आणि स्वतःचे, नवऱ्याचे, मुलीचे, गावाचे नाव संथपणे, पाढ्यासारखे म्हणून दाखवले.

उलगडा व्हायला संध्याकाळ झाली. मावशींना कुणीतरी विचारले होते, मास्तरीणबाईंना कुठे नेले होते? त्यांनी सांगितले होते, पानी वाट इसरलंय का ते बघाया. ते तोंडातोंडी फिरत गिरणीपर्यंत पोहोचले तेव्हा पाणी गळून गेले होते आणि मास्तरीणबाईंना इसर पडला, एवढेच उरले होते.

मी खाली जाऊन मावशींवर चिडले. "अहो, गावाला वाटतंय माझं डोकं गेलं! सांगा ना त्यांना खरं काय ते."

मावशी शांतपणे चुलीतले लाकूड आत सारत राहिल्या. "कळलंय मला. दुपारीच कळलं. मीच न्हाई खोडलं."

"का?"

"पिशवीचं त्वांड म्हनलं की बाया आपलं त्वांड वाकडं करत्यात. काय केलं आसंल, कुनाचं पाप, आसलं बोलत्यात. इसर पडला म्हनलं तर बदाम आनत्यात." त्यांनी माझ्याकडे पाहिले. "तुझं तू ठरीव. तुझ्या त्वांडानं सांगायचं तवा सांग. तवर खा बदाम."

मी ते बदाम खाल्ले. रोज रात्री भिजवायचे, सकाळी साल काढायची. बोटांना तो दुधाळ, कोवळा वास राही. रस्त्यात बायका आपली नावे सांगत आणि मी त्यांना नावाने हाक मारी. दोन वर्षे त्या गावात राहून मी ज्यांच्याकडे नीट पाहिले नव्हते त्यांचे चेहरे मला त्या काही दिवसांत पाठ झाले. कुणाच्या हनुवटीवर गोंदण होते, कुणाच्या बोटांना कायम लसणाचा वास. मरण्याचा विचार ज्या दिवसांत मनात येत होता, त्याच दिवसांत सगळे गाव मला आपली ओळख करून देत होते. याहून मोठी मेहेरबानी मला माझ्या आयुष्यात आठवत नाही.

निकालाच्या दिवशी मावशी पुन्हा बरोबर होत्या. मॅडमनी पडद्यावर चित्र लावले. करड्या, काळ्या छटांचे ते माझे आतले प्रदेश मी प्रथमच पाहत होते. मधोमध एक लहानसा डाग होता.

"गाठ छोटी आहे," मॅडम म्हणाल्या. "पिशवीच्या तोंडातच आहे. बाहेर गेलेली दिसत नाही. पाणी थोडं अडलंय, पण फार दाटी नाही. म्हणजे उग्र वाटत नाही. आणि नवे पाटही फारसे नाहीत. हे मोजमाप अजून आम्हीही शिकतोय, त्यामुळे शेवटचं उत्तर गाठ काढल्यावर सूक्ष्मदर्शकाखालीच मिळेल. पण सर्जनना मी सांगणार आहे, शस्त्रक्रिया करा."

मावशींनी पडद्याजवळ जाऊन त्या डागाकडे बारकाईने पाहिले.

"म्हंजी इसरलं न्हाई."

"फारसं नाही विसरलं," मॅडम म्हणाल्या.

"आन् बांध?"

"बांध शाबूत आहे."

मावशी तिथेच, त्या यंत्रांच्या खोलीत, मटकन खाली बसल्या. तोवर मला वाटत होते की घाबरलेली फक्त मी आहे.

हे शस्त्रक्रियेच्या आदल्या सकाळी पोहोचले. विमानतळावरून थेट इस्पितळात आले. अंगाला प्रवासाचा, अपुऱ्या झोपेचा वास, आणि डोळे लाल. शस्त्रक्रियेसाठी पुन्हा उतरवलेले माझे दागिने मावशींनी पदराची गाठ सोडून त्यांच्या ओंजळीत दिले. "मोजून घ्या," म्हणाल्या, "न्हाईतर म्हनाल घरमालकिनीनं भाड्यात वळतं केलं." ते हसले, आणि मग खूप वेळ खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. शस्त्रक्रिया नीट झाली. काढलेली गाठ सूक्ष्मदर्शकाखाली गेली आणि उत्तर मॅडमनी वर्तवले होते तसेच आले. किरणे घ्यावी लागली नाहीत.

संक्रांतीनंतर मावशींच्या घरी हळदीकुंकू होते. मी अजून सावकाश चालत होते. ओसरीवर बायका दाटीने बसल्या होत्या. तिळाचा, कापराचा, नव्या लुगड्यांचा वास होता. ती गिरणीतली बाई माझ्याशेजारी सरकली. "बाई, आता समदं आठवतंय ना?"

मी मावशींकडे पाहिले. त्या तबकात हळद ओतत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. ठरवायचे मलाच होते.

"मला विसर पडलाच नव्हता," मी म्हणाले. "पिशवीच्या तोंडाला कर्करोगाची गाठ होती. लहान असतानाच कळली म्हणून काढता आली."

'गर्भाशयमुख' हा पुस्तकी शब्द मी मुद्दाम वापरला नाही. बांगड्यांचासुद्धा आवाज थांबला. एकदोघींनी नजरा खाली वळवल्या. कोपऱ्यातली एक बाई, जी सहसा बोलत नसे, तिने हळूच विचारले, "कसं कळलं तुमाला?"

"पाळी नसताना अंगावर जायचं."

तिने पदर तोंडाशी धरला.

तेवढ्यात बदामवाली म्हातारी म्हणाली, "मग माजं बदाम वायाच गेलं की!" आणि ओसरी हसण्याने भरून गेली. त्या हसण्याच्या आडोशाने मावशी तबक घेऊन त्या कोपऱ्यातल्या बाईपाशी गेल्या, तिच्या कपाळाला हळद लावली आणि तिच्या कानाशी वाकून काहीतरी बोलल्या. काय ते मला ऐकू आले नाही. मावशींना इतक्या हळू बोलता येते हे मला तोवर माहीत नव्हते.

पुढच्या तपासणीचा दिवस आला तेव्हा मी खरे तर जायचे टाळत होते. बरे वाटत होते, आणि ती नळी पुन्हा नको होती. सकाळी खालून हाक आली. जिन्यावरून पाहिले तर दारात सहा आसनी उभी होती. आत मावशी, त्यांच्या शेजारी ती कोपऱ्यातली बाई, गिरणीतली बाई आणि आणखी दोघी. सगळ्या ठेवणीतल्या लुगड्यांत, केसांत अबोली, जणू लग्नाला निघाल्या होत्या.

"चल, मास्तरीणबाई," मावशी ओरडल्या. "तारीख इसरलीस का? ह्या चौगींचं बघायचं हाय. आन् माजंबी बघून घेती म्हनलं. साठी आली, कवा कुनी बघितलंच न्हाई."

पाचजणी ऐसपैस बसल्याने रिक्षात जागा दिसेना. कोपऱ्यातली बाई सरकली, तिने आपल्या मांडीवरची पिशवी उचलून माझ्यासाठी हातभर जागा केली. मी दाटीवाटीने बसले. मावशींनी कनवटीतून हळदीचे दोरे काढले आणि म्हणाल्या, "पाच करून आनलेत. कुनाकुनाला नळीत घालत्यात कुनास ठाव."

"सगळ्यांना नाही घालत, मावशी. आधी साधी तपासणी असते."

"मग उरलेले तुला," त्या म्हणाल्या, आणि रिक्षावाल्याच्या पाठीवर थाप मारून त्याला निघायला सांगितले.